केंद्रातून घरी आल्यानंतरची प्रार्थना: जपमाळ, मौन, मीटिंग आणि गोळ्या

सुकेळी

विषय घरातला आहे, त्यामुळे इथे लिहावं की नाही यावर बरेच दिवस घुटमळत होते. नावं टाळून लिहिते.

मोठा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आलाय. व्यसन दारूचं, बऱ्याच वर्षांचं. आमचं घर वसईतलं, कॅथलिक. संध्याकाळी एकत्र बसून जपमाळ म्हणायची पद्धत आजीपासून चालत आलेली. केंद्रात रोज सकाळी योगासनं आणि थोडा वेळ ध्यान असायचं, संध्याकाळी ए.ए.ची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली संघटना) मीटिंग. तिथे त्याचं बरं चाललं होतं.

घरी आल्यापासून प्रत्येकाचं मत वेगळं. आत्या म्हणते, चंगाईच्या (प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या) शिबिराला पाठवा, एका दिवसात सुटते. आमचे फादर म्हणतात, रोज सकाळी वीस मिनिटं गप्प बस, काही मागू नकोस. वहिनी म्हणते, देवाचं नंतर बघू, आधी कामावर जा. आणि भाऊ म्हणतो, डोळे मिटले की डोकं भणभणतं, जपमाळेचे मणी हातात असले तर जरा बरं वाटतं.

तर विचारायचं हे, की ख्रिस्ती प्रार्थना आणि ध्यान याचा या कामी नेमका काय उपयोग होतो? कोणत्या टप्प्याला काय करावं? मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वाईनचं काय करायचं? आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्यावर 'विश्वास असेल तर गोळ्या कशाला' असं नातेवाइकांकडून ऐकावं लागतं, त्यांना काय सांगायचं?

ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा. केंद्रात भावाच्या शेजारच्या खाटेवर मालेगावचे एक चाचा होते, सकाळच्या ध्यानाला दोघं शेजारीच बसायचे.

---

मीटिंगवाला

ताई, मी ए.ए.मधला. ख्रिस्ती नाही, जन्माने देशस्थ ब्राह्मण. पण गेली अनेक वर्षं माझी संध्याकाळ मुंबईतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये जाते, कारण आमची मीटिंग तिथे भरते. भारतात ए.ए. आली १९५७ साली, तीही मुंबईतच. चर्च आणि शाळांचे हॉल तेव्हापासून आमच्या कामी येतायत.

तुमच्या प्रश्नाचं मूळ आमच्या इतिहासातच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून काही महिनेच झालेले, त्यात काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन, शेजारी गावातल्या चर्चची यादी. त्याने एका पाळकाला फोन लावला आणि म्हणाला, मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. त्यातून ओळखी निघत निघत तो डॉ. बॉब स्मिथपर्यंत पोचला. डॉ. बॉबचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, आणि तोच आम्ही ए.ए.चा स्थापना दिवस धरतो.

यात लक्षात घ्यायचं ते हे, की त्याने फोन चर्चला केला, पण माणूस मागितला तो आपल्यासारखा. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

त्या काळी हे दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत जायचे. तिथे सकाळी 'शांत वेळ' पाळायची पद्धत होती. वही घेऊन बसायचं, बायबलमधला एखादा उतारा वाचायचा, मग गप्प राहायचं आणि मनात येईल ते लिहून काढायचं. अ‍ॅक्रनची सुरुवातीची मंडळी बायबलमधलं डोंगरावरचं प्रवचन आणि याकोबाचं पत्र वाचायची. पुढे १९३९ साली आमचं पुस्तक आलं, त्यात बारा पायऱ्या आल्या आणि ही शांत वेळ अकराव्या पायरीत जाऊन बसली. तीत म्हटलंय, प्रार्थना आणि ध्यानाने ईश्वराशी संपर्क वाढवा. ईश्वर कोणता? ज्याला जसा उमजला तसा. हे शब्द एका देव न मानणाऱ्या सभासदाने हट्ट धरला म्हणून आले, नाहीतर मी आज तिथे बसलो नसतो.

पण पायरी अकरावी आहे. तिच्या आधी दहा आहेत. कबुली, मागचा सगळा हिशोब लिहून काढणं, तो दुसऱ्या माणसासमोर वाचणं, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई. लोक एकदम अकरावीवर उडी मारतात, कारण तिथे कुणाचे पैसे परत करायचे नसतात.

---

शंकासुर

म्हणजे थोडक्यात ख्रिस्ती चळवळीचंच पिल्लू. पुढे काय, बाप्तिस्मा?

गंभीरपणे विचारतो. व्यसन हा मेंदूचा आजार आहे असं एकीकडे सांगायचं आणि दुसरीकडे त्यावर प्रार्थना सुचवायची. मधुमेहाला कुणी जपमाळ देतं का?

एक अभ्यास वाचला होता. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये १९९७ साली दारूच्या ४० रुग्णांवर झालेला. निम्म्यांसाठी त्यांच्या नकळत इतरांनी प्रार्थना केली, निम्म्यांसाठी नाही. फरक शून्य. उलट घरचं कुणीतरी आपल्यासाठी आधीपासून प्रार्थना करतंय असं ज्यांनी सांगितलं होतं, ते सहा महिन्यांनी जास्त पीत असल्याचं आढळलं.

---

ओपीडी_नंतर

मानसोपचारतज्ज्ञ आहे, व्यसनाचे रुग्ण रोज बघतो. शंकासुरांनी सांगितलेला अभ्यास खरा आहे. छोटा आहे, पण खरा. त्याचा दुसरा भाग त्यांनी सोडला: जे रुग्ण स्वतः जास्त प्रार्थना करत होते त्यांचं पिणं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कमी दिसलं. पुढे तोही फरक टिकला नाही. आणि घरच्यांच्या प्रार्थनेचा उलटा परिणाम झाला असं त्यातून निघत नाही. ज्याचं प्रकरण जास्त गंभीर, त्याच्याचसाठी घरचे देव पाण्यात ठेवतात, एवढं साधं कारणही असू शकतं.

मधुमेहाबद्दल: जपमाळ देत नाही, पण रोज चाला, वेळेवर जेवा, चार लोकांत राहा हे सांगतोच. गोळीने साखर उतरते, सवय बदलत नाही. व्यसनात तर सवय हेच अर्धं दुखणं.

आता सुकेळी, तुमच्यासाठी.

सगळ्यात आधी, रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर पहिला आठवडा जिवावरचा असू शकतो. सहा तासांपासून हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, घाम, ताप, माणूस भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो. यावर औषधं आहेत, थायमिन हे जीवनसत्त्व द्यावं लागतं, वेळेत दिलं नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्या दिवसांत प्रार्थना रुग्णालयातच करावी. तुमचा भाऊ या टप्प्यातून बाहेर आलाय, पण पुढेमागे पुन्हा पिऊन पुन्हा सोडायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा. उपवास-प्रार्थनेच्या शिबिरात माणसाला उपाशी ठेवून दारू तोडणं तर साफ चूक.

आता गोळ्या. त्यातल्या काही ओढ कमी करतात, उदा. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. एक वेगळ्या जातीची आहे, डायसल्फिराम. ती घेतलेली असताना दारू प्यायली तर चेहरा लाल, छाती धडधडणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं होतं. ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती बघून घरचे डाळीत पावडर मिसळतात, मग रुग्ण माझ्याकडे स्ट्रेचरवर येतो. तुमच्या भावाला ही गोळी चालू असेल तर वाईनचा घोटसुद्धा नको. खोकल्याची काही औषधं आणि माउथवॉश यांतही अल्कोहोल असतं, लेबल वाचा.

'विश्वास असेल तर गोळ्या कशाला' म्हणणाऱ्या नातेवाइकांना त्यांच्या बीपीच्या गोळीबद्दल विचारा.

प्रार्थनेचा उपयोग मी कुठे बघतो ते सांगतो. ओढ लाटेसारखी चढते आणि उतरते, बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत. तेवढा वेळ माणूस कुठे आणि कुणाबरोबर असतो यावर सगळं ठरतं. पाच दशकांची (दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची) जपमाळ सावकाश म्हणायला साधारण वीस मिनिटं लागतात. हाताला काम, तोंडाला काम, श्वासाला लय. तुमच्या भावाला मणी हातात असले की बरं वाटतं यात मला तरी नवल वाटत नाही. डोळे मिटल्यावर डोकं भणभणतं हेही स्वाभाविक आहे. पहिल्या काही महिन्यांत झोप विस्कटलेली, चिंता वाढलेली, त्यात एकट्याने गप्प बसायला लावलं तर काहींना त्रास वाढतो. फादरांचा सल्ला वाईट नाही, फक्त आत्ताच नको. चालत जप करू दे.

---

पाळकांची_लेक

वाईनच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी लिहिते. आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट, पण माझं सासर कॅथलिक.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला) द्राक्षरस असतो, आंबवलेला नाही. त्यामागेही दारूबंदीचीच गोष्ट आहे. १८६९ साली अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरस तापवून न आंबणारा रस तयार केला, खास प्रभुभोजनासाठी. पुढे त्याचा मोठा धंदा झाला तो भाग वेगळा.

कॅथलिकांत द्राक्षारसच लागतो, पण त्यांच्या शिकवणीप्रमाणे नुसती भाकर घेतली तरी ख्रिस्तप्रसाद पूर्ण मिळतो, काही उणं राहत नाही. आणि आपल्याकडे बहुतेक मिस्सांना लोकांना भाकरच देतात. अडचण येते ती लग्नात किंवा छोट्या गटाच्या मिस्साला, जिथे भाकर द्राक्षारसात बुडवून देतात. फादरांना आधी कानात सांगून ठेवायचं, बस. खुद्द धर्मगुरूच या आजारातून उठत असेल तर त्याला बिशपांच्या परवानगीने जवळजवळ न आंबलेला रस वापरता येतो, व्हॅटिकनने तशी सोय केलेली आहे. म्हणजे चर्चलाही हा प्रश्न नवा नाही.

दुसरं म्हणजे, मौन आणि ध्यान यावर सगळे बोलतायत, पण आपल्या मराठी मंडळींत प्रार्थना मुळात गाण्यातून होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंगाचा घाट सोडला नाही. त्यांची भजनं टाळ-पेटीवर म्हणताना माणूस एकटा राहत नाही. आमच्या गल्लीतले एक काका दारू सुटल्यावर पेटी शिकले. संध्याकाळी सात ते नऊ ही त्यांची प्यायची वेळ, तीच भजनाची केली. ध्यानाला बसा म्हटलं असतं तर पळाले असते.

आणि बायबलमधलं स्तोत्र ४२. हरिणी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते तसा जीव देवासाठी लुलपतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी जानेवारी १९६१ मध्ये बिल विल्सनला लिहिलेल्या पत्रात याच स्तोत्राचा दाखला दिलाय. दारूची तहान ही खालच्या पातळीवरची, पण मुळात आत्म्याचीच तहान आहे, असा त्यांचा रोख होता. पटो न पटो, पिणाऱ्या माणसाकडे इतक्या आदराने बघणारा डॉक्टर विरळाच.

---

शंकासुर

तहान वगैरे ठीक. कवी लोकांना दारू आणि देव दोन्हीवर लिहायला आवडतं.

डॉक्टरांचं वीस मिनिटांचं गणित मात्र पटलं. मग त्यात ख्रिस्ती काय राहिलं? वीस मिनिटं कोडं सोडवलं तरी चालेल की.

---

दाराआडची

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

मी बायको आहे. नवरा आता पीत नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत, गाव सांगत नाही. सगळे त्याच्या प्रार्थनेबद्दल लिहितायत, मी घरातल्यांच्या बाजूने लिहिते.

पहिल्यांदा सुटली तेव्हा तो एका शिबिराला जाऊन आला होता. आला तो नाचतच. देवाने मला क्षमा केली, मी नवा माणूस झालो. दोन महिने घरात नुसता आनंद. मी मुलांच्या फीचं, सोनाराकडे ठेवलेल्या पाटल्यांचं काही काढलं की म्हणायचा, देवाने माफ केलं, तू कोण न करणारी? प्रार्थना करता करता तो माझ्याहून उंच जाऊन बसला आणि मी खाली, अविश्वासू. मग पुन्हा प्यायला, तेव्हा दोष माझ्या कमी विश्वासाचा.

दुसऱ्या वेळी जे फादर भेटले ते वेगळे. त्याने पापनिवेदन केल्यावर त्यांनी जपाबरोबर आणखी एक काम लावलं: कुणाचं किती देणं आहे ते लिही आणि बायकोला दाखव. यादी बघून मी रडले, रागाने. पण ती यादी फ्रिजवर लागली. एकेक नाव खोडलं जातंय. पाटल्या अजून सुटल्या नाहीत.

ताई, तुमच्या वहिनी 'देवाचं नंतर' म्हणतायत त्यांना समजून घ्या. त्यांच्या कानावर देवाचं नाव बहुतेक नेहमी पैशाच्या ऐवजी आलं असेल.

---

मीटिंगवाला

दाराआडची, नमस्कार. आमच्या आठव्या-नवव्या, म्हणजे भरपाईच्या पायरीवर इतकं चांगलं मी मीटिंगमध्येही क्वचित ऐकलंय.

शंकासुरराव, कोडं सोडवून एक संध्याकाळ निघेल. तिसऱ्या आठवड्यात कोड्याला कंटाळाल. प्रार्थनेलाही कंटाळतो माणूस, पण तिथे तुमच्याआधी कंटाळलेल्या लोकांची मोठी रांग असते आणि कंटाळ्याचं काय करायचं हे ती सांगते.

---

प्रशासन

धर्मांतराच्या चर्चेसाठी वेगळे धागे आहेत. इथले तीन प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर राहावे.

---

लोणावळा_लोकल

मी येशूसंघीयांच्या (जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या) साधना शिबिरांना जात आलोय, ध्यानाच्या बाजूने थोडं लिहितो. व्यसन माझं नव्हे, वडिलांचं होतं.

'ख्रिस्ती ध्यान' म्हणजे एकच गोष्ट नाही, आणि फादरांनी सांगितलेलं मौन हा त्यातला बराच अवघड प्रकार.

सगळ्यात जुना आणि सोपा प्रकार एका छोट्या वाक्याचा. चौथ्या-पाचव्या शतकात वाळवंटातल्या संन्याशांकडून शिकून आलेल्या जॉन कॅसियनने स्तोत्र ७० मधली एक ओळ धरून ठेवायला सांगितली: देवा, माझ्या मदतीला धावून ये. संकट येवो, भूक लागो, राग येवो, तीच ओळ. पूर्वेकडच्या चर्चमध्ये 'प्रभू येशू ख्रिस्ता, मज पाप्यावर दया कर' हा श्वासाबरोबरचा जप आहे. विसाव्या शतकात जॉन मेन नावाच्या बेनेडिक्टाइन संन्याशाने हा धागा पुन्हा उचलला. गंमत म्हणजे मंत्र घेऊन बसायला तो शिकला मलायात, एका हिंदू स्वामींकडून, आणि नंतर कॅसियनमध्ये त्याला तीच गोष्ट घरचीच म्हणून सापडली. त्याचा शब्द 'मारानाथा', म्हणजे ये प्रभू. नामस्मरणात वाढलेल्या मराठी माणसाला यात परकं काही वाटू नये.

दुसरा प्रकार शरीरातून जाणारा. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी आधी पुण्यात आणि मग लोणावळ्यात हेच शिकवलं: श्वासाकडे बघा, तळपायाला जमीन लागतेय ती जाणवू द्या, देवाबद्दल विचार करत बसू नका. आणि वसई-वांद्र्याकडच्या लोकांना कृपा फाउंडेशन माहीत असेलच. १९८१ साली फादर जो परेरांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ते सुरू केलं. ते बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, म्हणून तिथे बारा पायऱ्यांच्या जोडीला अय्यंगार पद्धतीची आसनं आली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आधी शरीर ताळ्यावर आणायचं, मग मन बसतं, हा त्यातला क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. दारूने शरीरच आधी परकं झालेलं असतं.

तिसरा प्रकार माझ्या लेखी सगळ्यात कामाचा, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस याचं रोजचं आत्मपरीक्षण. इग्नेशियस मुळात शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा पायावर बसला आणि महिनोन्महिने अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या दिवास्वप्नं बघायचा. काहींत दरबार, स्त्रिया, पराक्रम. काहींत संतांसारखं जगणं. दोन्ही बघताना गोड वाटायचं. फरक नंतर कळायचा: पहिली संपली की कोरडेपणा आणि चिडचिड उरायची, दुसरी संपल्यावर समाधान टिकायचं. त्याची पुढची सगळी शिकवण या एका निरीक्षणातून निघाली.

दारूच्या ओढीला हे लावून बघा. पहिला पेग डोळ्यांसमोर आला की मन फक्त पहिल्या पंधरा मिनिटांचा सिनेमा दाखवतं. आत्मपरीक्षण त्याला पुढची रिळं बघायला लावतं: रात्री अकरा, सकाळी सहा, मुलीचा चेहरा. रोज रात्री दहा मिनिटं. आज कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात, कुठे मन कडवट झालं, त्यानंतर काय उरलं, उद्या कुठे घसरायची भीती आहे. मीटिंगवाल्यांची दहावी पायरी, म्हणजे रोज आपल्या चुका तपासणं, याच्या सख्ख्या भावासारखी आहे. १९४० साली फादर एड डाउलिंग नावाचे येशूसंघीय बिल विल्सनला भेटायला गेले ते हेच साम्य दिसलं म्हणून. बिलने इग्नेशियसचं काही वाचलेलंच नव्हतं.

आणि इग्नेशियसचा एक नियम वडिलांच्या खोलीत लिहून लावला होता: मन कोरडं, उदास असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. दाराआडचींनी लिहिलंय तसा सुरुवातीचा आनंद ओसरतो. प्रार्थना रुक्ष होते, देव ऐकत नाही असं वाटतं. बरेच जण नेमके तेव्हा पितात, कारण त्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. संतांच्या हिशेबी तो ठरलेला टप्पा आहे.

---

माडाखाली

गोंयकार. छान चाललंय सगळं, फक्त एक सांगतो. आमच्याकडे लदाईन (क्रुसासमोर जमून गाऊन म्हणायची प्रार्थना) झाली की चणे वाटतात आणि त्याबरोबर ग्लासही फिरतो. फेस्त, लग्न, बारसं, मरणसुद्धा. प्रार्थना आणि दारू एकाच अंगणात. तुमच्या वसईतही लग्नघरात काय वेगळं? भावाला पाठवताना प्रार्थना कुठली हे बघताय तसं प्रार्थनेनंतर काय वाटतात तेही बघा.

---

शंकासुर

हा खरा मुद्दा. माडाखाली यांना +१.

लोणावळा लोकल, दिवास्वप्नांचं आवडलं. देव वजा करूनही ते उभं राहतं, हे तुम्हाला चालेल का माहीत नाही.

---

लोणावळा_लोकल

मला चालेल. इग्नेशियसला विचारून सांगतो.

---

ओपीडी_नंतर

पुराव्याचं एक राहिलं होतं. २०२० मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) ए.ए. आणि तिच्यासारख्या बारा पायऱ्यांच्या उपचारांचा आढावा घेतला. २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. पूर्णपणे दारू बंद राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या बरोबरीचा आणि काही ठिकाणी सरस ठरला. यात प्रार्थनेचा वाटा वेगळा काढलेला नाही. या क्षेत्रातल्या इतर संशोधनात असं दिसतं की बहुतेकांना फायदा होतो तो मुख्यतः सोबतीचं वर्तुळ बदलल्यामुळे, पिणारे मित्र जाऊन न पिणारे आल्यामुळे. ज्यांचं व्यसन जास्त तीव्र, त्यांच्यात अध्यात्माचा वाटा जास्त दिसतो. मी याचा अर्थ असा घेतो की एकट्याने खोलीत बसून केलेल्या प्रार्थनेपेक्षा चार लोकांत जाऊन केलेली बरी.

शिबिराबद्दल: जाऊ नका असं मी म्हणणार नाही. तीन गोष्टी विचारून घ्या. गोळ्या बंद करायला सांगतात का? उपाशी ठेवतात का? हवं तेव्हा उठून घरी येता येतं का? कुठेही रुग्णाला बांधून किंवा साखळीने जखडून ठेवत असतील तर ते मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार बेकायदा आहे, मग ती जागा कुठल्याही धर्माची असो. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, नंबर घरात लावून ठेवा.

---

पाळकांची_लेक

चाळीसच्या पुढच्या कॅथलिक काकूंकडून तुम्हाला मॅट टॅलबटची गोष्ट हमखास ऐकायला मिळेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. डब्लिनचा हमाल, लहान वयापासून दारुडा, १८८४ साली अठ्ठाविसाव्या वर्षी शपथ घेतली आणि १९२५ मध्ये मरेपर्यंत चाळीस वर्षं प्यायला नाही. रोज पहाटे मिस्सा. तेव्हा ए.ए. नव्हती, गोळ्या नव्हत्या. माणूस थोरच. पण मेल्यावर त्याच्या अंगावर तपश्चर्येच्या साखळ्या सापडल्या होत्या. भावाला त्याची गोष्ट सांगा, साखळ्यांपर्यंत जाऊ नका. मला त्याच्यातलं आवडतं ते वेगळंच: शपथ पहिल्यांदा फक्त तीन महिन्यांची घेतली होती.

---

सुकेळी

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. दाराआडची ताई, तुमचा प्रतिसाद वहिनीला वाचायला दिला. काही बोलली नाही, पण फोन परत द्यायला वेळ लावला.

आत्तापुरतं असं ठरवलंय. गोळ्या चालूच, फादरांनीही आत्यासमोर तसं स्पष्ट सांगितलं, त्यामुळे तो वाद मिटला. मौन सध्या नाही. भाऊ संध्याकाळी जपमाळ घेऊन वाडीतून चालत फेरी मारतो, वाटेत गुत्ता लागत नाही अशा बाजूने. आठवड्यातून काही दिवस मीटिंग. रात्रीचं आत्मपरीक्षण त्याने स्वतःहून मागितलं, त्या 'पुढची रिळं'वाल्या परिच्छेदाची चिठ्ठी करून पाकिटात ठेवलीय. वाईनचं फादरांना सांगून झालं.

आत्या शिबिराचा हट्ट सोडत नाहीये. डॉक्टरांचे तीन प्रश्न तिलाच विचारायला लावले आहेत, उत्तर येईल तेव्हा बघू.

येत्या महिन्यात चुलतभावाचं लग्न आहे. माडाखाली, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. भाऊ म्हणतो मिस्सा झाली की परत येईन, मांडवात थांबणार नाही. नातेवाइक नावं ठेवणार.

एकच विचारायचंय. घरच्यांसाठी वेगळी मीटिंग असते असं ऐकलंय, ती काय असते? वहिनी जाईल का माहीत नाही, पण मी जाईन.

---

मीटिंगवाला

अल-अ‍ॅनॉन. बिलची बायको लोइस हिने १९५१ मध्ये सुरू केली, पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी. पायऱ्या त्याच. फी नाही, नाव विचारत नाहीत, देवाची सक्ती नाही. मुंबईत मराठी-हिंदी बोलणारे गट आहेत. भावाच्या मीटिंगमध्ये विचारलं तर तिथलेच कुणीतरी जवळची जागा सांगतील. वहिनींना आग्रह करू नका, तुम्ही जाऊन या.

लग्नाला भावाबरोबर मीटिंगमधला एखादा जुना माणूस पाठवता आला तर बघा. आम्ही जातो अशा लग्नांना, जेवण चांगलं असतं.

---

दाराआडची

जाताना वहिनींना सांगूनच जा. न सांगता गेलात तर त्यांना वाटेल घरात अजून एक लपवाछपवी सुरू झाली.